डोकं उघडं, तोंड चालू

डोक्यात गाठ झालेला माणूस दाताच्या डॉक्टरकडे जाऊन चांगली दाढ उपटून येतो, यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर माझा उजवा जबडा बघायला यावं. जागा अजून रिकामी आहे.

गाल फडफडायचा. आधी कधीतरी, मग रोज. मी ठरवून टाकलं की हे दाढेचं दुखणं आहे. जुन्या जालन्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "दाढ तर ठणठणीत आहे." मी म्हणालो, "डॉक्टर, दाढ माझी आहे, मला माहीत. काढा." त्यांनी दोनदा नको म्हटलं. मीच हट्टाला पेटलो. दाढ निघाली. गाल फडफडतच राहिला.

हे लिहायला वेळ लागतोय. एक शब्द हवा असतो आणि त्याच्या शेजारचे चार येऊन बसतात. सुनंदा, माझी बायको, रोज थोडं वाचते आणि जिथं मी बनवाबनवी केली तिथं बोट ठेवते. त्यामुळे यात जे आहे ते तिच्या नजरेखालून गेलेलं आहे.

टाळ्या

मी बियाण्याच्या कंपनीत. ऑफिस एमआयडीसीत, पण तिथं मी चहापुरता. माझं खरं काम गावोगाव शेतकरी मेळावे घेण्याचं. मंडप, माईक, समोर सतरंजीवर माणसं, आणि मी. बियाणं सगळ्याच कंपन्यांकडं असतं. माझ्या मेळाव्याला लोक हसायला यायचे. सरपंच, सासरवाडी, माझं स्वतःचं टक्कल, काहीही चालायचं. "भास्करराव बोलायला लागले की बोंडअळीसुद्धा ऐकत बसते," असं आमचे मॅनेजर म्हणायचे. मला ते खरंच वाटायचं.

अंबड तालुक्यातल्या एका गावी मी बोंड हातात घेऊन उभा होतो. "मंडळी, माझ्या हातात हा जो आहे..." आणि पुढचा शब्द गेला. कापूस. ज्याच्यावर आमचं घर उभं राहिलं, तो शब्द. जिभेवर नाही, डोक्यात नाही, कुठंच नाही. समोरची माणसं वाट पाहतायत. मी बोंड वर धरलं आणि ओरडलो, "हे आपल्या बापजाद्यांचं पांढरं सोनं!"

टाळ्या. एक म्हातारबा तर उठून उभे राहिले.

परत येताना कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर सत्तार म्हणाला, "साहेब, आज ते सोन्याचं भारी मारलं तुमी. लोगां एकदम खूश."

"सुचतं रे ऐन वेळी," मी म्हणालो.

न सुचल्याबद्दल टाळ्या घेणारा मी जिल्ह्यातला पहिलाच असेन. वाईट असं झालं की मला युक्ती सापडली. शब्द आला नाही की कोटी करायची. कुकरला मी 'आपला तो शिट्ट्या मारणारा मवाली' म्हणायचो. चष्म्याला 'म्हातारपणाची नंबरप्लेट'. घरी, ऑफिसात, सगळे म्हणायचे, भास्करराव सध्या फॉर्मात आहेत. सुनंदा हसायची नाही. कुकर आणून ठेवायची. मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

गुलाबजाम

पुतण्याच्या साखरपुड्यात मी ताट घेऊन उभा होतो. उजवा हात आपणहून उडायला लागला. गुलाबजाम समोरच्या पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर. लोक हसले. "सुरू झाले भास्करराव!" मग तोंड वाकडं झालं, आणखी हसले. मग मी आडवा झालो. आडवा झाल्यावरही क्षणभर काही लोक हसतच होते, असं सुनंदानं मला नंतर सांगितलं. ते सांगताना तिच्या आवाजात राग होता, आणि तो लोकांवर नव्हता.

जालन्यातच डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडं धरला. मला एक पांढरट गोळा दिसला. मी म्हणालो, "डॉक्टर, एवढ्या दिवसांनी पुरावा मिळाला की माझ्या डोक्यात काहीतरी आहे."

ते हसले नाहीत. फोटो खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता सुनंदाला म्हणाले, "वहिनी, पुण्याला घेऊन जा. उशीर करू नका."

आजार किती मोठा आहे हे मला फोटोवरून कळलं नाही. डॉक्टर माझ्याशी बोलायचं सोडून बायकोशी बोलले, त्यावरून कळलं. जिना उतरताना सुनंदानं दंड धरला. आम्ही आलो ती मोटरसायकल तिथंच राहिली. सत्तार येऊन घेऊन गेला.

कुठल्या दाराला उभं राहायचं

पुण्याच्या त्या मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या ऑपरेशनांचा अख्खा एक मजला होता. माझी समजूत अशी की मेंदू एक, तर डॉक्टर एक. तिथं दारोदार वेगवेगळ्या पाट्या. मणका. रक्तवाहिन्या. फिट्स. कंप. लहान मुलं. गाठी. कोपऱ्यात एक बंद दार, त्यावर 'संशोधन'. सुनंदा चौकशीला गेली तेवढ्यात मी हुशारी केली आणि सगळ्यात लांब रांग बघून तिथं उभा राहिलो. रांग लांब म्हणजे डॉक्टर चांगला, हा आपला हिशेब. बराच वेळ उभा राहून आत गेलो. डॉक्टरांनी मला वाकायला लावलं, पाय वर करायला लावले आणि म्हणाले, "तुमचा मणका उत्तम आहे. तुम्हाला पाठवलं कुणी?"

त्या महिन्यांत माझ्या शरीराबद्दल ऐकलेली ती एकमेव चांगली बातमी.

गाठींच्या दारामागचे डॉक्टर बारीक, हळू बोलणारे. सगळे त्यांना सर म्हणत. ते माझ्याशी बोलले, हे मला बरं वाटलं. म्हणाले, "भास्करराव, गाठ डाव्या बाजूला आहे. बोलण्याच्या जागेला लागून. तुम्हाला पूर्ण झोपवून काढली तर मला कळणार नाही, मी गाठ कापतोय की तुमचं बोलणं. म्हणून मधल्या वेळात जागं ठेवणार. तुम्ही बोलत राहायचं. बोलणं अडलं की मी थांबणार."

मी म्हणालो, "सर, म्हणजे डोकं उघडं आणि तोंड चालू. आमच्या घरी हे रोजचंच आहे."

सर थोडे हसले. मला वाटलं, जिंकलो.

कंगवा

बंद दारामागं रेणुका मॅडम होत्या. आमच्या लेकीहून थोड्या मोठ्या असतील. मराठी बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूत शब्द कुठंकुठं राहतात, याचं संशोधन त्या करत होत्या. माझ्या चाचण्या त्यात वापरू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वापरा की. आमच्या डोक्याचा कुणाला तरी उपयोग होतोय."

चाचणी सोपी. पडद्यावर चित्र येणार, आपण म्हणायचं, 'हे आहे घर', 'हे आहे झाड'. ज्यांची नावं आधीच येत नाहीत ती चित्रं बाजूला काढायची. उरलेलीच ऑपरेशनच्या वेळी दाखवायची. म्हणजे तिथं जर नाव आलं नाही, तर सरांना खात्री, की आपला हात बोलण्याच्या जागेवर आलाय.

घर आलं. झाड आलं. मग कंगवा आला. म्हणजे चित्र आलं.

मी डोक्यावरून हात फिरवला. "मॅडम, ही वस्तू बघून आम्हाला वाईट वाटतं. आमचा तिचा संबंध तुटला."

मॅडम खळखळून हसल्या. चित्र चालणाऱ्यांत ठेवलं. पुढं चाळणी आली. "हे आहे आमच्या सरकारी योजनेचं चित्र. वरून टाका, खालून गायब." पुन्हा हशा. मी रंगात आलो होतो.

"थांबा मॅडम," कोपऱ्यातून सुनंदा म्हणाली.

तिला बसायला परवानगी होती, बोलायला नव्हती. ती उठून उभी राहिली.

"ते इनोद न्हाई करून राह्यले. त्यांना नाव न्हाई आलं."

मी म्हणालो, "अगं, गंमत चाललीय."

"मंग सांगा नाव."

"कशाचं?"

"ते पहिलं. केसाचं."

पडद्यावर मॅडमनी पुन्हा कंगवा आणला. मी बघत राहिलो. माझ्या आईचा लाकडी होता. त्याचे दात, त्यात अडकलेले केस, खोबरेल तेलाचा वास, सगळं आलं. नाव नाही आलं.

"घरी बी असंच चालू हाय," सुनंदा मॅडमना सांगत होती. "कवाचं. लोकाला वाटतं हसवून राह्यले. मी वस्तू आणून देते, बोलत न्हाई काही. चारचौघांत कशाला म्हणायचं, म्हणून गप राह्यले. पण हितं कापाकापी व्हायची हाय, हितं कसं गप बसू?"

मॅडमचं हसू उतरलं. त्या म्हणाल्या, "काका, आपण पहिल्यापासून करू या."

मी सुनंदाशी दोन दिवस बोललो नाही. तिनं माझं ऑपरेशन सुरक्षित केलं होतं, आणि मला वाटत होतं की तिनं भरल्या मंडपात माझ्या हातातला माईक काढून घेतला.

पुन्हा चाचणी झाली. या वेळी नाव आलं नाही तर मी फक्त 'नाही' म्हणायचं. एकेक चित्र बाजूला जात राहिलं. चमचा. शिडी. बैलगाडी. बैलगाडी! मी रडलो. मॅडमनी पडदा बंद केला, पाणी दिलं, आणि काही समजावलं नाही. त्यांचे मी अजून उपकार मानतो.

वॉर्ड

सकाळी सिस्टर यायच्या आणि विचारायच्या, "नाव काय? कुठं आहात? कोणता महिना?" मी पहिल्या दिवशी महिना मुद्दाम चुकीचा सांगितला. त्यांनी धावत डॉक्टर बोलावले. तिघांनी डोळ्यांत बॅटऱ्या मारल्या. त्यानंतर महिना बरोबर सांगत गेलो.

डावीकडच्या खाटेवर कंपाचे एक आजोबा होते. त्यांच्या मेंदूत बारीक तार बसवली होती. ऑपरेशननंतर त्यांनी बशीतून चहा प्यायला. बशी हलली नाही. अख्खा वॉर्ड बघत होता. आजोबा बशी खाली ठेवायलाच तयार नव्हते; रिकामी झाली तरी धरून बसले.

उजवीकडं परभणीकडचा एक तरुण होता, माझ्यासारखीच गाठ. त्याला एका सकाळी नेलं. दुपारी त्याची बायको पिशवी घ्यायला आली. चादर बदलली. त्या दिवशी मला एकही विनोद सुचला नाही.

किती काढायचं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सरांनी दोघांना बसवलं. म्हणाले, "गाठीचा एक भाग बोलण्याच्या जागेला चिकटलाय, असं फोटोत वाटतं. मागं राहील ती पुन्हा वाढते. सगळी काढायचा हट्ट धरला तर बोलणं जाऊ शकतं. आत गेल्यावर मला पटकन ठरवावं लागेल. तुम्हाला काय राखायचंय, ते आज सांगा."

सुनंदा लगेच म्हणाली, "सगळी काढा."

"बोलणं गेलं तर?" सरांनी विचारलं.

"जाऊ द्या. मुका चालंल. माणूस पाह्यजे मला."

मी म्हणालो, "मुका करून काय करशील? पाटावर बसवून फुलं वाहशील?"

"वाहीन. बसा तर खरं."

"मी बोलण्यावर जगलो आजवर."

"आन् मी कशावर जगायचं?"

सर खाली बघत होते. मी म्हणालो, "सर, डोकं माझं आहे. बोलणं राखा."

"डोकं तुमचं," सुनंदा म्हणाली. "घर कुणाचं हाय?"

सरांनी माझं म्हणणं मानलं. कायद्यानं तसंच असतं म्हणे. ती बाहेर गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्या पायाला तेल लावत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "एक करा. आत इनोद करू नका. येत नसलं तर न्हाई म्हना."

हे आहे

डोकं चौकटीत आवळलेलं. अर्धवट गुंगीत हाड कापलं, दुखलं नाही, पण आवाज कानात न येता दातांत आला. मग झोप. मग जाग. वर हिरवं कापड, त्याच्या तंबूत रेणुका मॅडमचा चेहरा आणि पडदा.

"हे आहे घोडा." "हे आहे छत्री." मराठीचे मास्तर असते तर कान धरला असता, तिथं चालत होतं. कापडापलीकडं सर बारीक विजेचा स्पर्श करत होते. मधेच "हे आहे..." आणि पुढं भिंत. वीज उचलली की शब्द परत. तिथं एक बारीक कागदाचा तुकडा ठेवत होते, इथं हात लावायचा नाही म्हणून. कुणीतरी माझ्या घरातले दिवे एकेक करून बंद-चालू करून बघत होतं आणि मी आत बसलो होतो.

किती वेळ गेला कळलं नाही. घसा कोरडा. जीभ जड. मॅडम ओल्या कापसानं ओठ पुसत होत्या. मग एक चित्र आलं.

"हे आहे..."

कुलूप. आता लिहिता येतंय. तेव्हा आलं नाही. त्याचं हातातलं वजन आठवलं, घराला लावून निघालो ते आठवलं, सुनंदानं दोनदा ओढून बघितलं तेही. आणि नावाच्या जागी एक तयार विनोद येऊन उभा राहिला: हे आहे आमच्या हिच्या तोंडाला लावायची वस्तू. सगळे हसले असते. मॅडम आता फसल्या नसत्या, पण मला हसू हवं होतं. त्या थंडगार खोलीत कुणीतरी हसावं, एवढं फार हवं होतं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "थकलात, की येत नाहीये? नीट सांगा. थकला असाल तर थोडं थांबून सर पुढं जातील. येत नसेल तर इथंच थांबतील."

मी त्या चित्राकडं बघितलं. थकलो होतो. येतही नव्हतं. यातलं कुठलं जास्त खरं होतं, ते माझ्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं.

"न्हाई येऊन राह्यलं," मी म्हणालो.

पलीकडं हत्यार ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. सर म्हणाले, "बस. इथंच थांबायचं."

नंतर

पहिले काही दिवस तोंडातून 'हां' आणि 'बरं' एवढंच निघायचं. मग हळूहळू माणसं परत आल्यासारखे शब्द आले, सगळे नाही. सर सुनंदाला म्हणाले, "बरीच निघाली. चिकटलेला भाग ठेवलाय."

"ठेवलाय," ती म्हणाली. एवढंच. टॉवेलाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

पुढं रेडिएशनचे शेक घेतले, गोळ्या घेतल्या, उलट्या केल्या, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. कंपनीनं मला टेबलावर बसवलं. मेळावे आता कंपनीतला एक नवा मुलगा घेतो. माझेच विनोद सांगतो. बरे सांगतो.

ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय त्यांना मी एकच सांगीन. दवाखान्यात जाताना असं माणूस सोबत न्या, जे तुमच्या विनोदाला हसत नाही. आणि ते मधे बोललं तर बोलू द्या. बाकी शहाणपण माझ्याकडं नाही. दाढेचं तुम्ही वाचलंच.

गेल्या खेपेला फोटो काढला तेव्हा सर बराच वेळ पडद्याकडं बघत होते. ठेवलेला भाग वाढला होता. म्हणाले, "थोडं थांबू. मग पुन्हा उघडायचं का ते ठरवू." या वेळी त्यांनी दोघांकडं बघून सांगितलं.

सत्तार गाडी घेऊन आला होता. पुणं सुटलं, सत्तारची गाणी चालू होती. शिरूरच्या पुढं सुनंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक इचारू?"

"इचार."

"त्या कुलपाच्या टायमाला. खरंच न्हाई आल्तं, का थकले होते तुमी?"

तिला रेणुका मॅडमनी सांगितलं असावं. की मीच सांगितलं होतं, आठवत नाही. एवढे महिने तिनं ते मनात ठेवलं होतं. मी 'खरंच नाही आलं' म्हणालो असतो तर तिला बरं वाटलं असतं.

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "देवाशपथ, ठाऊक न्हाई."

सत्तारनं आरशातून मागं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मंग बोला," ती म्हणाली.

"काय?"

"काही बी. ह्याच्यासाठीच ठेवलं ना ते डोक्यात? मंग बोला. घर येईस्तोवर बोला."

"साहेब, बोला ना," सत्तार म्हणाला आणि त्यानं गाणी बंद केली.

मी बोलायला लागलो. लग्नाआधी तिला बघायला गेल्तो, ते. पोह्यात खडा निघाला होता आणि मी तो गिळला होता, ते. ती म्हणाली, खडा नव्हता, दाणा होता जळका. मी म्हणालो, खडा. नगर मागं पडलं. एका शब्दाशी अडलो. ती वाट बघत राहिली, सत्तारही. शब्द काही आला नाही. मी तो तिथंच सोडला आणि पुढचं सांगायला लागलो.